गृहभेट

मूल स्टेशनवर एकटं सापडतं. किंवा अंगावर वळ घेऊन शाळेत येतं. कुणीतरी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फिरवतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते मूल बालकल्याण समितीपुढे येतं. त्याने कुठे राहायचं, हे ही समिती ठरवते. समोर एक अध्यक्ष, चार सदस्य. वस्तीत मात्र एवढंच कळतं, "पोराला रिमांड होमला टाकलं." रिमांड होम गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी, बालगृह आधार हवा असलेल्या मुलांसाठी, पण फाटकाबाहेर उभ्या आईला तो फरक कोण सांगणार?

समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते. मुदत १५ दिवस. कुणीतरी घरी जाऊन विचारतं. बाप पितो का? मारतो का? आई दिवसभर कुठे असते? शेजारी काय म्हणतात?

या सगळ्या उत्तरांचं वजन सारखं नसतं. जिथे मुलाला मारझोड होते, त्याच्यावर अत्याचार होतो, तिथून त्याला त्याच रात्री बाहेर काढलं पाहिजे. यात दुमत नाही.

पण बीडकडचं एखादं घर घ्या. दसरा-दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल फेडायची असते. पोर आजीजवळ राहतं. मधेच आजी अंथरुणाला खिळली, की अहवालात ओळ येते, 'सांभाळणारे कोणी नाही'. आई जिवंत आहे, पोरावर जीव टाकते, फक्त दोन जिल्हे पलीकडे उसाच्या फडात आहे. हे त्या ओळीत मावत नाही.

२०१५चा बाल न्याय कायदाच सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्याआधीचा उपाय महाराष्ट्राकडे आहे, बालसंगोपन योजना. आई किंवा बाप गेलेल्या, गंभीर आजारी वा तुरुंगातल्या पालकांच्या मुलांनी घरात, नात्यातच वाढावं म्हणून महिन्याला २२५० रुपये. २०२३च्या वाढीआधी हे ११०० होते. त्याच्याही आधी ४२५.

रक्कम तुटपुंजी आहे, तरी चूल पेटती ठेवते. अडतं ते दाखल्यांपाशी. उत्पन्नाचा, रहिवासाचा, मृत्यूचा. एकेका दाखल्यासाठी तालुक्याची फेरी, आणि फेरीमागे एक रोज बुडतो.

मग बँकेचं खातं. तिथे आजी यंत्रावर अंगठा ठेवते. पुसून पुन्हा ठेवते. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांचा ठसा उठत नाही.