काळा गूळ, पिवळा गूळ

[पहाट. उसाचा फड. मागे गुऱ्हाळाच्या धुराड्यातून वर चढणारा धूर.]

कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या दिशेने निघाले की पंचगंगेकाठची पोयट्याची जमीन सुरू होते, आणि दिवाळीनंतर या पट्ट्यात कोणत्याही पहाटे एखादे तरी चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल, पेटलेले दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्या जुन्या नावावर सरकारी मोहोर उमटली. मधल्या काळात मात्र गूळ आपल्या स्वयंपाकघरात हळूहळू मागे सरकला आणि साखर पुढे आली. आता मधुमेह, रक्तक्षय, आम्लपित्त अशा तक्रारींनी गांजलेली माणसे पुन्हा गुळाची चौकशी करत गुऱ्हाळाच्या दारात येऊ लागली आहेत. डब्यावर छापलेल्या मजकुरावर आपला विश्वास राहिलेला नाही, आपल्याला डोळ्यांदेखत तयार झालेले हवे, असे त्यांच्यापैकी अनेकांनी आम्हाला सांगितले.

[चरकात शिरणारा ऊस. रसाची धार.]

ऊस आदल्या दिवशी तोडलेला आहे. तोडून पडलेल्या उसातील साखर तासागणिक बिघडत जाते आणि अशा रसाचा गूळ नीट धरत नाही, म्हणून चोवीस तासांच्या आत गाळप उरकण्यासाठी गुऱ्हाळमालकाची धडपड चाललेली असते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांच्या वैरणीसाठी बाजूला पडतात, ऊस चरकात जातो, रस फडक्यातून गाळून हौदात उतरतो आणि चरकामागे साठलेली चिपाडे रानात वाळायला पसरली जातात. काल-परवाची वाळलेली चिपाडे आज चुलवाणात जळणार आहेत. रस आणि तो आटवणारा जाळ हे दोन्ही एकाच उसातून येतात. या कामाला बाहेरून लाकूड आणावे लागत नाही की कोळसा.

[काहील, वरून. जाळ घालणाऱ्या गड्याचा चेहरा.]

एका आधणाला, म्हणजे रसाच्या एका खेपेला, साधारण हजार लिटर रस काहिलीत, त्या मोठ्या पसरट कढईत, सोडला जातो. शंभर किलो उसापासून हाती येणारा गूळ दहा ते बारा किलोंचा, आणि एवढ्यासाठी काहिलीभोवती दोन-तीन तास माणसे खपतात. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी चिपाडांची एकेक कवळी आत सारतो. जाळ कमी पडला तर रस नुसता शिजत राहतो आणि जास्त झाला तर खालून करपतो, त्यामुळे त्याचे कान सतत गुळव्याच्या, म्हणजे गूळ उतरवणाऱ्या कारागिराच्या, हाकेकडे लागलेले असतात.

गुळव्या हा गुऱ्हाळाचा खरा धनी. रस तापू लागला की त्यावर काळपट मळी जमते आणि गुळव्या ती लांब दांड्याच्या झाऱ्याने ओढून काढतो. याच वेळी भेंडी कामाला येते. रानभेंडीची किंवा साध्या भेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवली जातात, हाताने चोळली जातात, आणि त्यांतून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखा बुळबुळीत, तार सुटणारा द्रव निघतो. तो काहिलीत पडला की रसात तरंगणारे बारीक कण त्या बुळबुळीत जाळ्यात अडकून वर येतात आणि मळीबरोबर निघून जातात. पडद्यावर आपण पाहत आहात ते दृश्य आम्ही मुद्दाम न कापता ठेवले आहे: आधी गढूळ, हिरवट रस, मग भेंडीचे पाणी, मग वर चढलेला मळीचा थर, आणि झारा फिरल्यावर खाली उघडा पडलेला स्वच्छ, मधासारखा रस. रसाची आंबट बाजू सावरण्यासाठी बेताने चुन्याची निवळी पडते. फेस काठावर चढू लागला की शेंगतेलाचे चार थेंब त्याला खाली बसवतात. ऊस, भेंडी, चुना आणि थेंबभर तेल यांपलीकडे या काहिलीत काहीही गेलेले नाही.

[गुळव्याचा हात. थाळीतील पाणी.]

रस एकशे पाच अंशांच्या आसपास पोहोचला की काकवी होते. ज्यांना काकवी हवी असते त्यांची भांडी याच वेळी भरली जातात, कारण पुढचा टप्पा भराभर येतो. एकशे अठरा ते एकशे वीस अंशांच्या दरम्यान गूळ उतरवायचा असतो आणि तेथे दोन अंशांची चूक झाली तरी रवा, म्हणजे गुळाची ढेप, चिघळतो नाही तर करपट होतो. हा गुळव्या तापमापक वापरत नाही. तो थंड पाण्याच्या थाळीत पाक सोडतो, पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती काहिलीच्या काठावर आपटतो. खणकन आवाज आला की तो हात वर करतो, आणि मग सगळे जण काहिलीला भिडतात. पाक वाफ्यात, म्हणजे निववण्याच्या उथळ हौदात, ओतला जातो, फावड्यांनी खालीवर केला जातो, निवू लागला की फडके घातलेल्या बादल्यांत भरला जातो. सकाळी त्या बादल्या पालथ्या केल्या की रवे सुटून येतात.

या रव्यांचा रंग तांबूस काळा आहे. घाऊक बाजारात ज्याला चांगला भाव मिळतो तो गूळ असा दिसत नाही.

[दोन रवे शेजारी शेजारी: एक तांबूस काळा, एक फिकट पिवळा.]

उजवीकडचा पिवळाधमक रवाही याच तालुक्यातला आहे. त्याचा रंग पुष्कळदा हायड्रॉस या पांढऱ्या पावडरीने आणलेला असतो. तिचे रासायनिक नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. उकळत्या रसात ती पडली की रंग उडतो, गूळ उजळतो आणि गुळात गंधकाचा अंश मागे राहतो. हा रंग टिकाऊही नसतो, काही आठवड्यांनी रवा पुन्हा काळपट पडू लागतो. गुळात सल्फर डायऑक्साइड किती असावा यावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे, परंतु दुकानात अर्धा किलो गूळ घेणाऱ्या माणसाला ती मर्यादा पाळली गेली की नाही हे कळण्याची कोणतीच सोय नाही. आपली पांढरी साखरही बहुतेक कारखान्यांत गंधकाच्या धुराचा वापर करूनच शुभ्र केली जाते, हे येथे सांगायला हवे.

ज्या गुऱ्हाळावर आम्ही चित्रीकरण केले, तेथील मालकाने कॅमेऱ्यासमोर सांगितलेली गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाजारात जाणाऱ्या आधणात तो पावडर टाकतो, कारण पावडर न टाकलेल्या रव्याला सौद्यात क्विंटलमागे कमी भाव लागतो आणि गुजरातकडच्या मागणीला पिवळाच गूळ हवा असतो. घरी खाण्यासाठी आणि लेकीकडे पाठवण्यासाठी मात्र तो वर्षातून एक आधण वेगळे लावतो. आपण आत्ता पाहिलेले आधण तेच होते. तयार करणारा माणूस स्वतःच्या नातवंडांना जे देत नाही ते आपल्या ताटात येते, आणि हे ज्याला एकदा समजले तो पुढे लेबलावर किंवा जाहिरातीवर सहजासहजी विश्वास ठेवीत नाही. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

[जुन्या कागदांची दृश्ये.]

शिकल्या-सवरलेल्या संस्थांनीही या अविश्वासाला खतपाणी घातलेले आहे. १९६७ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा आढावा प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचे खापर त्यात मुख्यतः स्निग्ध पदार्थांवर फोडले होते आणि साखरेवरचा संशय पातळ करून टाकला होता. या कामासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने त्या संशोधकांना पैसे दिले होते, ही गोष्ट जुनी पत्रे तपासली गेल्यावर २०१६ साली उजेडात आली. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत जगभरच्या लोकांनी काय खाल्ले आणि कशाला भ्याले, याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही.

[चिपाडे पसरणाऱ्या ताई.]

या ताई गुऱ्हाळावर चिपाडे पसरण्याचे काम करतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन नऊच्या आत आले होते. दवाखान्यात त्यांचा नंबर येईपर्यंत दुपार झाली, तपासणी दोन मिनिटांत आटोपली आणि हातात लोहाच्या गोळ्यांची पाकिटे पडली. बाई, दिवसभरात काय खाता, जेवणावर चहा घेता का, असे त्यांना कोणीही विचारले नाही. गोळ्या सुरू झाल्यावर त्यांना मळमळू लागले, पोट जड राहू लागले, आणि शौचाचा रंग काळा झालेला पाहून त्या घाबरल्या. गोळीतील जे लोह शरीर शोषून घेत नाही ते बाहेर पडते आणि त्यामुळे हा रंग येतो, त्यात भिण्यासारखे काही नाही, एवढे एक वाक्य त्या पाकिटांबरोबर मिळाले असते तर त्यांनी गोळ्या उंबऱ्याबाहेर टाकल्या नसत्या. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि शेजारणीच्या सांगण्यावरून सकाळ-संध्याकाळ गुळाचा खडा खायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन आणखी उतरले होते. गावच्या आशाताईंनी, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकेने, घरी येऊन समजावल्यावर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आता त्यांची तब्येत सुधारत आहे.

आशाताईंनी काय समजावले तेही ऐकण्याजोगे आहे. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहाने लोह शोषले जाण्यात अडथळा येतो. ती लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची. गूळ बंद करायचा नाही, पण तो एकटा खायचा नाही. त्याच्याबरोबर शेंगदाणे, तीळ, अळीव हवेत.

[पाटा, अळीव, गूळ, खवलेला नारळ. लाडू वळणारे हात.]

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम उसाच्या गुळात सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या साखरेत ते नावालाही सापडत नाही, हा फरक खरा आहे. तरीही वीस ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम लोह मिळते, आणि भारतीय स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ या वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले, तेव्हा नुसत्या गुळाने भागणारे हे काम नाही. आपल्या आज्यांनीही ते नुसत्या गुळावर सोपवले नव्हते. बाळंतिणीला अळिवाचा लाडू दिला जाई. शंभर ग्रॅम अळिवात सतरा मिलिग्रॅमच्या घरात लोह असते, आणि ते तुरट, चिकट दाणे बाईच्या गळी उतरवण्याचे काम गूळ आणि नारळ करतात. संक्रांतीच्या थंडीत तीळ गुळात बांधले जातात, खोकल्यावर सुंठ आणि गुळाची गोळी जिभेखाली धरायला दिली जाते, उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आधी गूळ-पाणी ठेवले जाते. वर्षभर मुरलेला जुना गूळ नव्या गुळापेक्षा पथ्याचा, असे आयुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. आपल्या भागातील कित्येक घरांत आजही माळ्यावर एक रवा त्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्या रव्याला कोणाच्या चिठ्ठीची गरज भासत नाही, ही गोष्ट या अविश्वासाच्या दिवसांत माणसाला मोठा आधार देते.

मधुमेह असलेल्यांसाठी गूळही साखरच आहे, काळा असो वा पिवळा, आणि त्यांनी तो औषध समजून खाऊ नये.

[वडिलोपार्जित बंद गुऱ्हाळ. गंजलेली काहील.]

अशी बंद पडलेली गुऱ्हाळे आता गावोगाव दिसतात. ऊस कारखान्याला घातला की शेतकऱ्याची दगदग वाचते, गुळवे मिळत नाहीत, शिकाऊ पोरे चुलवाणाच्या धगीपुढे बसायला तयार नसतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी नदीकाठच्या गुऱ्हाळांचे अतोनात नुकसान केले. जी टिकली आहेत त्यांच्यावर पिवळ्या रंगाची सक्ती बाजाराने केली आहे, आणि बाजार म्हणजे दुकानात उजळ ढेप बघून बोट दाखवणारे आपणच. येथील ऊस व गूळ संशोधन केंद्राने भेंडीचा वापर, रसाची स्वच्छता, गुळाला मानवणारे उसाचे वाण यांवर वर्षानुवर्षे काम केलेले आहे. पावडरीशिवाय उत्तम गूळ होतो हे शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

[मालक, हातात वही.]

या मालकाने यंदा दसऱ्याच्या आधी एक वही घातली आहे. जो कोणी नाव आणि किलो लिहून आगाऊ पैसे देईल, त्याच्या वाट्याचे आधण भेंडीवर लागणार आहे आणि रवे एक-एक किलोचे, कागदात बांधून मिळणार आहेत. घाऊक सौद्यापेक्षा किलोमागे त्याला चार पैसे जास्त हवे आहेत, कारण हे आधण उतरायला वेळ अधिक लागतो आणि मळीबरोबर थोडा रसही वाया जातो. त्या बदल्यात त्याने एक अट स्वतःहून मान्य केली आहे: आधण लागेल त्या दिवशी ग्राहकाने यावे आणि रस काहिलीत पडल्यापासून रवा बादलीत भरेपर्यंत तेथेच उभे राहून पाहावे. वहीच्या पहिल्या पानावर नोंदवलेली बहुतेक नावे कोल्हापूर शहरातील आहेत, आणि त्यांत दोन डॉक्टरही आहेत.