इंजिनखोलीचं झाकण उघडू नका

नमस्कार मंडळी. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते आणि ससून डॉक, वर्सोवा, मढच्या बोटी पुन्हा दर्यात जातात. त्याआधी रंग होतो, जाळी शिवली जातात, पूजा होते. आग विझवायचा सिलिंडर मात्र बऱ्याचदा जाळ्यांच्या ढिगाखाली पडलेला!

डिझेलची नळी गळते, थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडतो, झाकणाच्या फटीतून धूर येतो. तांडेल असो की खलाशी, हात आधी झाकणाकडेच जातो. तो आवरा. आत हवा कमी पडल्यामुळे आग दबलेली असते. झाकण उघडलंत की भडका थेट तोंडावर.

आधी इंजिन बंद, डिझेलचा कॉक बंद. कॉक आत असेल तर मेस्त्रीकडून बाहेरून फिरवता येईल असा करून घ्या. हवेच्या वाटा ओल्या गोणपाटाने बुजवा. झाकणाला सिलिंडरची नळी शिरेल एवढं भोक आधीच पाडून बूच मारून ठेवावं, म्हणजे झाकण न उघडता आत फवारता येतं. सिलिंडर इंजिनखोलीच्या बाहेर टांगा. आत ठेवलेला काय कामाचा? आणि आग विझली वाटली तरी लगेच डोकावू नका, तापलेल्या लोखंडाने आग पुन्हा पेट घेते.

हे करताना दुसऱ्याने लाइफ जॅकेट वाटावीत आणि बोटीच्या व्हीएचएफ वायरलेसवर १६ नंबर चॅनेलला हाक द्यावी. लगेच. बॅटरी इंजिनाशेजारी असेल तर वायर जळल्यावर वायरलेसही गप्प होतो. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

इंजिन थांबलं की बोट वाऱ्याला आडवी पडते. पाणी उथळ असेल तर नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, नांगर टाका. नाळ वाऱ्याकडे वळते, धूर मागे जातो, माणसं पुढे. बंदरात ओहोटीचा ओढा जोरात असेल तर मात्र बोट ओढ्याकडे तोंड करते, तेव्हा वारा बघूनच जागा धरा.

डिझेलवर पाणी ओतू नका, तेल तरंगत पसरतं. गादी, दोर, जाळी पेटली तर खुशाल ओता, नाहीतर सरळ दर्यात फेका. पण आग कुठे आहे ते दिसलं पाहिजे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी धुमसत होत्या, फवारे चालू होते, आगीचं मूळ सापडलं नाही. त्याच पोटात स्फोटकं होती. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

राहिला शेगडीचा गॅस. तो हवेपेक्षा जड, गळला की बोटीच्या तळाशी साचतो. वास आला तर काडी नको, बटण नको, पाण्याचा पंपही नको. सिलिंडर बंद करा आणि बादलीने तळातून उपसून बाहेर ओता. बादलीत काहीच दिसत नाही, पोरं हसतात. हसू द्या.