लाल दोरी आणि वलण

श्रोतेहो, नमस्कार. ज्येष्ठांसाठीच्या स्वतंत्र वसाहतीत राहायला जावे की नाही, हा विषय आता नाशकातल्या पुष्कळ घरांत जेवताना निघू लागला आहे. अशी वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे, हे आधी सांगतो. तेथे कुलूप आपले, किल्ली आपली, ओटाही आपला. झाडलोट, डबा, नळ-विजेची दुरुस्ती आणि रात्रीची परिचारिका एवढे मात्र वसाहतीने पाहायचे. पुन्हा सांगतो, ही जागा स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी आहे. तिचे सुख आणि तिची अडचण, दोन्ही याच अटीत आहेत.

माझी आत्या आणि आतोबा जुन्या नाशकातल्या एका वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, पन्नास वर्षे राहिले. आतोबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. वाड्याचा जिना इतका उभा, की वरून सोडलेला दोर धरल्यावाचून चढता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आतोबांच्या गुडघ्यांनी त्या जिन्यापुढे हात टेकले, तेव्हा दोघांनी शहराबाहेरच्या एका वसाहतीत पैसे भरून महिनाभर राहून पाहायचे ठरवले.

पहिल्याच सकाळी आत्याला न्हाणीघरात छतापासून लोंबणारी लाल दोरी दिसली. दोरी म्हणजे वलण, अशी तिची आयुष्यभराची समजूत असल्यामुळे तिने आतोबांचा ओला पंचा तिला अडकवला आणि ती कणीक मळायला बसली. दोन मिनिटांत दारात परिचारिका, पहारेकरी आणि चाकाची खुर्ची घेतलेला मुलगा, असे तिघे धापा टाकत उभे. कणकेच्या हातांनी दार उघडून आत्याने विचारले, “अगंबाई, कोणाला काय झालं?” ती दोरी वलण नव्हती, संकटात ओढून मदत बोलावण्यासाठी होती; हा उलगडा झाल्यावर तिने तिघांनाही गवती चहा पाजला. तिसऱ्या दिवशी हाच प्रकार पुन्हा घडला आणि पुन्हा चहा झाला. त्यानंतर व्यवस्थापकाने माणूस पाठवून ती दोरी गुंडाळून वर नळाला बांधून टाकली. आता चुकून ओढली जायची नाही, असे त्याने सांगितले आणि सर्वांना ते पटलेही.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे चार वाजता आतोबा न्हाणीघरात घसरले. पडल्या जागेवरून हात वर केला, तर दोरीचे टोक तीन हात उंच. आत्याचे कानाचे यंत्र रात्रीपुरते डबीत ठेवलेले. शेवटी त्यांनी तांब्याने बादली बडवायला सुरुवात केली, आणि तो आवाज ऐकू आला वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना, कारण त्या वयात चार वाजता जागे कोण नसते? बाईंनी फोन केला, माणसे आली, कोपर खरचटण्यावर निभावले.

श्रोतेहो, या एका पहाटेत दोन्ही बाजू आल्या. सोय होती, पण ऐन वेळी ती हाताला लागली नाही. आणि करारात कोठेही न लिहिलेला समवयस्कांचा शेजार मात्र कामी आला. वाड्यात शेजारच्या चारपैकी तीन खोल्यांना आज कुलूप आहे. दुसरीकडे, वाड्यातून सार्वजनिक वाचनालय पायी गाठता येई, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाता येई. वसाहतीतून त्यासाठी येण्या-जाण्याची रिक्षा आधी ठरवावी लागते. १८४० सालापासून चालत आलेले वाचनालय सोडून कोणी टेकडीच्या देखाव्याला भुलू नये, असे माझे आपले मत आहे.

महारेराने, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक नियम काढले. लिफ्ट, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, न घसरणारी फरशी या गोष्टी त्यांत आहेत आणि विक्रीच्या करारात त्या उतरायला हव्यात. पाहायला जाताना टेप घेऊन जावे. दिवाणखान्यातील खुर्च्यांना हात आहेत का, तेही पाहावे. हल्ली मंगल कार्यालयांतही बिनहाताच्या खुर्च्या मांडतात; साठीच्या पाहुण्याने उठावे कसे, याचा विचार ना वरपक्ष करतो ना वधूपक्ष.

पैशांचे थोडक्यात सांगतो. घर विकत घेतलेले असेल, तर वारसाला ते मिळते, पण त्याला तेथे राहता येईलच असे नाही, कारण वयाची अट असते. डिपॉझिट असेल, तर किती कापून आणि किती दिवसांत परत, हे लिहून घ्यावे. मेन्टेनन्स दरवर्षी वाढतो, निवृत्तिवेतन बहुतेकांचे त्या वेगाने वाढत नाही. आणि राहते घर मुलांच्या नावे करून निघणार असाल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. सांभाळ झाला नाही, तर असे बक्षीसपत्र रद्द करून मागता येते; २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ चा हा आधार त्या अटीमुळे भक्कम होतो. पुन्हा सांगतो, अट तोंडी नको, दस्तात हवी.

आत्याने आता न्हाणीघराबाहेर वलण बांधून घेतले आहे आणि लाल दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सोडवून घेतली आहे. करार अजून झालेला नाही. तिने किराणा मालाच्या वहीत व्यवस्थापकासाठी तीन प्रश्न लिहून दिले होते. डिपॉझिटचे उत्तर आले, रात्रीच्या रुग्णवाहिकेचेही आले. “आमच्यापैकी एकाने अंथरूण धरले, तर त्याला येथेच ठेवाल का, आणि नाही ठेवलेत, तर दुसऱ्याने कोठे राहायचे?” या तिसऱ्या प्रश्नाखालची ओळ अजून कोरी आहे, आणि ती भरेपर्यंत वाड्याची किल्ली आत्या कोणाकडेही देणार नाही. नमस्कार.