पंचगंगेची काळी, फाउंड्रीची पांढरी

(दृश्य: पांढऱ्या कागदावर पसरलेली मूठभर वाळू. कागदाखालून लोहचुंबक फिरतंय.)

ही पंचगंगेच्या पात्रातली वाळू. चुंबक सरकला की काळे कण ताठ उभे राहतात आणि त्याच्यामागे पळतात. हे मॅग्नेटाइट, लोहाचं चुंबकीय खनिज. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा. चौघींचं पाणी सह्याद्रीतलं आणि तिथला मुख्य खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्ट. (पाचवी सरस्वती गुप्त. वाळूत तिचा हिशेब लागत नाही.) बेसाल्टमध्ये क्वार्ट्ज (गारगोटीचं फिकट खनिज) जवळपास नसतोच, म्हणून ही वाळू अशी काळपट.

(दृश्य: कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीत म्हणजे ओतशाळेत वाळूच्या साच्यात ओतला जाणारा रस.)

इथली वाळू मात्र पांढरी. लोखंडाचा रस साधारण १४०० अंशांवर ओततात. बेसाल्ट १२०० च्या आसपासच वितळतो. नदीची वाळू वापरली तर ती कास्टिंगलाच, म्हणजे ओतलेल्या वस्तूलाच, चिकटून बसेल. क्वार्ट्ज १७०० पर्यंत दम धरतो. अशी क्वार्ट्जची, म्हणजे सिलिका वाळू घाटाखाली, सिंधुदुर्गात कासार्डे-फोंडा भागात मिळते. तिथला वालुकाश्म या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा.

पण वालुकाश्म म्हणजे जुनी वाळूच की! मग ती कुठून आली?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉनचा कण.)

हे झिरकॉन नावाचं चिवट खनिज सांगतं. खडक झिजतो, हे सहसा टिकतं. त्यातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. दोघांचं प्रमाण मोजलं की कणाचा जन्मकाळ निघतो. एका कणावर कुणी विश्वास ठेवत नाही. शंभरावर कणांची वयं काढायची, त्यांचा आलेख मांडायचा आणि संभाव्य उगमांच्या आलेखांशी ताडायचा. कोणत्या उगमाचा वाटा किती धरला की आलेख जुळतो, ते संगणक शोधतो.

आता समजा, कुणी काळी आणि पांढरी वाळू निम्मी-निम्मी मिसळली. संगणक छातीठोकपणे सांगेल: सगळी घाटाखालची! कारण बेसाल्टमध्ये झिरकॉन नावालाच. काळ्या निम्म्या वाळूचा आलेखात मागमूसही दिसणार नाही. गणित चोख, उत्तर चुकीचं.

म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली तीन-चारशे कण एकेक ओळखून मोजावेत: क्वार्ट्ज किती, पायरॉक्सिन (बेसाल्टमधलं गडद खनिज) किती, बेसाल्टचे तुकडे किती. वेळखाऊ, डोळे शिणवणारं काम. झिरकॉनचे आकडे संगणकाला द्यावेत ते त्यानंतर, या मोजणीची जोड देऊनच.