उजनीचं हिरवं पाणी

सकाळचे सात वाजलेत. भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यात होडीचं इंजिन बंद होतं. पलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्षी चरतायत. त्यांच्याकडे येऊच, आधी या दोरीकडे बघा.

दोरीच्या टोकाला वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी, पाणी किती नितळ आहे ते मोजायला. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूनं पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाहिली, म्हणून ही सेकी तबकडी. ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसते ती टिपायची, दोन्हींची सरासरी काढायची. झालं. इथे दोरी फारशी सोडावीच लागली नाही, पाणी शेवाळानं इतकं हिरवं आहे.

आता बाटल्या. तिन्हींत एकाच जागचं पाणी, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा नको. एकीतला प्राणवायू लगेच मोजायचा. दुसरी पारदर्शक, तिसरी काळ्या कापडात गुंडाळलेली; या दोघी एकाच खोलीवर काही तास टांगायच्या. उजेडातल्या बाटलीत सूक्ष्म शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि वापरतंही. काळ्या बाटलीत नुसतंच वापरतं. शेवटी दोन्हींतल्या प्राणवायूत जो फरक उरतो, ती या पाण्याची एकूण प्राथमिक उत्पादकता, म्हणजे शेवाळानं उजेडात एकूण किती तयार केलं ते.

प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत १८८८ची. दोन रसायनं घातली की बाटलीत तपकिरी साका धरतो. आम्ल घातलं की सोनेरी. स्टार्चचे थेंब पडले की गर्द निळा. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थायोसल्फेट, थेंब थेंब… आणि निळा रंग एकदम जातो. थायोसल्फेट जितकं जास्त लागलं, तितका प्राणवायू जास्त.

शेवाळाला एवढं खत देतं कोण? इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुढे मुळा-मुठा मिळते. पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यांच्याबरोबर खाली उतरतं. १९८० साली धरण झालं. तेव्हापासून ते इथेच येऊन थांबतं. याला नुसतं ‘सुपीक’ म्हणणं सोपं आहे, आणि सोयीचंही.

काळ्या बाटलीत जे घडतं, तेच रोज रात्री अख्ख्या जलाशयात घडतं. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. फारच उतरला तर मासे वर येऊन धापा टाकतात. सोलापूर शहर हेच धरण पितं.

हे रोहित. चोच उलटी धरून पाणी गाळतायत. आणि हे जाळं वर येतंय. कटला मासा कमी, चिलापीच (तिलापिया) जास्त.

(इथून पुढे निवेदन नाही. जाळ्याचा आणि पाण्याचा आवाज.)