अळीनं आधी काय खाल्लंय?

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. आपण शहरात राहतो खरं, पण बऱ्याच घरांची थोडीफार शेती अजून सांवेर, देपालपूरकडे आहे, आणि हरभऱ्याला घाटे, म्हणजे शेंगा, लागले की फोनवर एकच गाऱ्हाणं, औषध डुप्लिकेट निघालं, इल्ली, म्हणजे घाटे अळी, मेलीच नाही.

माझ्या मामांचंही तेच झालं. दोनदा फवारलं, तिसऱ्यांदा डोस दुप्पट केला, तरी घाट्यात डोकं खुपसून बसलेल्या जाड्या अळ्या जशाच्या तशा. डुप्लिकेट माल असतो, नाही म्हणत नाही, पण अळीनं आधी काय खाल्लंय हे कोणीच विचारत नाही ना!

आता निमाडातली कपाशी घ्या. कपाशीत गॉसिपॉल असतं, किड्यांनी खाऊ नये म्हणून झाडानंच केलेलं विष. तिथली अमेरिकन बोंडअळी म्हणजे आपली घाटे अळीच, ती ते रोज थोडं थोडं खाते आणि मग तिच्या आतड्यात विष मोडणारी एन्झाइम्स वाढतात, पी-450 म्हणतात त्यांना. शांघायच्या शास्त्रज्ञांना 2007 मध्ये यातलं एक जीन सापडलं, आणि पुढे 2012 मध्ये दिसलं की गॉसिपॉल खाल्लेली अळी डेल्टामेथ्रिन हे फवारायचं कीटकनाशकही जास्त सोसते. म्हणजे आपलं औषध पोचायच्या आधीच तिची तालीम झालेली असते! पिढ्यानपिढ्या येणारा रेझिस्टन्स वेगळा, तो तेच तेच औषध मारून आपणच वाढवतो.

हरभऱ्यावर गॉसिपॉल नाही, पण दाणा आहे. लहानपणी अळी कोवळी पानं कुरतडते, मोठी झाली की घाट्याला भोक पाडून प्रोटीनवाला हिरवा दाणा खाते, आणि अळी जितकी मोठी तितका तिला मारायला डोस जास्त लागतो, त्यात ती अर्धी घाट्याच्या आत, फवारा पोचणार कसा? लॅबमध्ये या अळ्या बेसनाच्या तयार खाण्यावर वाढवतात, म्हणून तिथला डोसाचा आकडा शेतात जसाच्या तसा जुळेलच असं नाही.

मामांना यंदा सांगितलंय, फुलं दिसली की कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून घेणारे, लावा, रोज सकाळी ओळीत वाकून पानं बघा, आणि अळी बोटाच्या पेरापेक्षा लहान आहे तोवरच पंप काढा. काल फोन आला होता, म्हणाले सापळ्यात पतंग पडायला लागलेत.