उपाशी म्हणजे उपास नव्हे

मंडळी, उद्या सकाळी सात वाजता आम्ही शाळेच्या व्हरांड्यात रक्त घ्यायला बसणार आहोत. सप्ताहाला जमलेल्या तुमच्यातल्या कितीतरी जणांना शुगर आहे, म्हणून कीर्तनाआधीची ही थोडी वेळ मी मागून घेतली. बावीस वर्षं मी लॅबमध्ये रक्त काढतोय. मशीन चुकण्यापेक्षा आपण चुकीच्या तयारीनं आल्यामुळं फसलेले रिपोर्ट मी जास्त पाहिलेत. आणि त्या रिपोर्टवर गोळी वाढते किंवा कमी होते, म्हणून हे बोलायचं.

सगळा घोळ ‘उपाशी’ या शब्दाचा आहे. एकदा आषाढी एकादशीला एक आजी आल्या. म्हटलं, आजी, उपाशी आहात ना? ‘व्हय बाबा, एकादशीचा उपास हाय.’ शुगर निघाली २४०. पहाटे साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खाल्ली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. उपासाला भगर, साबुदाणा, शेंगदाणे चालतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. विचारताना मीच शब्द नीट वापरायला हवा होता. आता मी सरळ सांगतो: रात्री जेवल्यापासून आठ ते दहा तास पाण्याशिवाय पोटात काही नको. पाणी मात्र पोटभर प्या, शीर लवकर सापडते. चहा नको, बिनसाखरेचाही नको. ‘काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला’ असं रोज दहा जण सांगतात, कारण चहाला आपल्याकडे कुणी खाणं म्हणतच नाही. तंबाखू आणि मिश्रीसुद्धा रक्त दिल्यावरच. आणि जास्त उपाशी राहिलं की रिपोर्ट जास्त चांगला येतो, असंही काही नाही. रात्रीचं जेवण टाळू नका.

आता गोळीचं. हे मी शिकलो ते एका माणसाला त्रास होऊन. लांबच्या वाडीवरचे एक काका, पहाटेच्या एसटीनं निघाले. मी फोनवर ‘उपाशी या’ एवढंच सांगितलं होतं, गोळीचं सांगितलं नव्हतं. काकांनी नेमानं सकाळची शुगरची गोळी घेतली आणि दोन तास रिकाम्या पोटी प्रवास केला. लॅबच्या बाकावर बसले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, नाव विचारलं तर नुसते बघत राहिले. बोटाला सुई टोचून पाहिलं तर शुगर ४८. गिळता येतंय याची खात्री करून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत तपासलं तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं. म्हणून सकाळची शुगरची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन रक्त दिल्यावर, खाताना. रात्रीचं इन्सुलिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

जेवणानंतरच्या शुगरला दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. रोज दोन भाकरी खात असाल तर त्या दिवशीही दोनच खा आणि नेहमीची गोळी घ्या. रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी भाकरी खाऊन येणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आकडा चांगला येतो, डॉक्टर औषध तेवढंच ठेवतात, आणि घरी रोज दोन भाकरींवर शुगर चढतच राहते. मधल्या वेळेत बाजार करून तीन तासांनी आलात तरी तो आकडा कामाचा नाही.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, तिला उपाशी राहावं लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढे दिवस त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, ती आपण मोजतो. ७ टक्के आलं तर सरासरी शुगर साधारण १५४ धरायची. चार दिवस गोड बंद केल्यानं ती उतरत नाही. पण बायाबापड्यांनो, इथं एक गोष्ट सांगायची राहू देऊ नका. अंगात रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर हा आकडा फसवू शकतो. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल किंवा अंगात ताप असेल तर साधी शुगरसुद्धा वाढते. रक्त काढण्याआधीच सांगा, मी ते चिठ्ठीवर लिहितो.

एक गोष्ट तुम्ही आमच्याकडं बघायची. शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. त्यातल्या औषधानं पेशींचं साखर खाणं हळूहळू थांबतं. साध्या नळीत रक्त पडून राहिलं तर दर तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. कुठल्याही शिबिरात विचारा, ‘नळी कोणती, रक्त लॅबला कधी पोचणार?’ विचारल्याचा कुणी राग मानू नये.

उद्या येताना गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट आणा. आणि डबा आणा, भाकरी-पिठलं काहीही. रक्त दिलं की तिथंच, चिंचेखाली बसून खा, गोळी घ्या, मग शेताकडं जा.